आधी तू लाव

शनिवारी दुपारी आईनं हात मागे घेतला आणि म्हणाली, "आधी तू लाव. उद्या बघू." झालं ते एवढंच. थोरलीच्या उजव्या हाताच्या बोटावर वाटाण्याएवढं पांढरं मॉइश्चरायझर होतं, समोर पलंगावर आई उशांना टेकून बसली होती, उन्हाची तिरीप पलंगाच्या पायथ्याशी आली होती आणि शेजारच्या घरात कोणीतरी खुर्ची ओढत होतं. असल्या दुपारी कोणाच्या आयुष्यात काही घडत नसतं. पण आईचं वाक्य पुरतं व्हायच्या आत थोरलीचा डावा हात आपला आपण उताणा झाला. तिनं कुडत्याची लांब बाही दातांत धरून कोपराच्या वर ओढली, लहानपणी ओढायची अगदी तशी, आणि मनगटाच्या वर चार बोटं सोडून, जिथं शीर निळी दिसते तिथं, ते पांढरं बोट गोल गोल फिरवलं. मग ती थांबली. चोपन्न वर्षांची बाई, स्वतःच्या पगारावर घर चालवणारी, हाताखाली तीन जणी कामाला असलेली, आणि तोंडात बाही. तिनं बाही सोडली. कापडावर ओला डाग पडला होता. आईनं डोळे मिटून घेतले होते. "थोडंच लाव," ती म्हणाली. "उगीच संपवू नकोस."

'आधी तू लाव' हे वाक्य या घरात बेचाळीस वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. त्याआधी मात्र ते रोजच्या वापरातलं होतं. आईला दोन मुली, थोरली आणि धाकटी, मध्ये तीन वर्षांचं अंतर. धाकटीची कातडी नाजूक. साबण बदलला की गालांवर पुरळ उठायचं, लोकरीच्या कपड्यानं मान लाल व्हायची. शिवाय धाकटी देखणी होती, आणि थोरली, आईच्याच शब्दांत, "चारचौघींसारखी, पण समजूतदार." समजूतदार हा शब्द ज्या मुलीला चिकटतो तिच्या वाट्याला पुढं काय येतं हे कोणाला सांगायला नको. तेव्हा घरात नवं क्रीम आलं, तेल आलं, पावडर आली, की ती आधी थोरलीच्या हातावर. "तुम्ही दोघी एकाच पोटातल्या," आई म्हणायची. "तुला सोसलं तर तिलाही सोसेल." आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायची, थोरली तिच्या गुडघ्यांशी उभी राहायची, बाही दातांत, हात उताणा. आईचं बोट गार असायचं. ते हातावर फिरायचं तेवढा वेळ आई तिची एकटीची असायची, आणि तो वेळ लांबावा म्हणून थोरली श्वास रोखून धरायची. कधी झोंबलं आणि तिनं हात आखडला, तर आई म्हणायची, "चुरचुरतंय म्हणजे गुण येतोय." मग झोपताना तो हात पांघरुणाच्या बाहेर ठेवायचा, आणि सकाळी आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून विचारायची, "काही झालं का गं?" नाही म्हटलं की धाकटीच्या तोंडाला क्रीम लागायचं. आपल्या एका शब्दावर धाकटीचं तोंड अवलंबून आहे असं थोरलीला वाटायचं. सात-आठ वर्षांच्या मुलीला एवढा अधिकार पुष्कळ होतो. तो तिच्या डोक्यात गेला होता.

पुढं पोटापाण्याला तिनं जे काम धरलं तेही हेच निघालं, आणि यात योगायोग काही नाही हे कळायला तिला फार वर्षं लागली. एका मोठ्या इस्पितळाच्या त्वचाविभागात ती चाचण्या करते. कोणाला कशाचं वावडं आहे हे शोधायचं असेल तर सोमवारी त्याच्या पाठीवर चिकटपट्ट्या लावायच्या. पट्टीवर बारीक टिकल्या, प्रत्येक टिकलीत एकेक पदार्थ: कुठं सुगंध, कुठं रबर, कुठं लोकरीची चरबी, कुठं क्रीम नासू नये म्हणून घालतात ती रसायनं. बुधवारी पट्ट्या काढायच्या, शुक्रवारी पुन्हा बघायचं. कुठल्या टिकलीखाली कातडी लाल झाली, कुठं फुगली, कुठं पाणी धरलं, ते तक्त्यावर लिहायचं. तीस वर्षांत तिच्या हाताखालून इतक्या पाठी गेल्या की पेशंट तिला पाठवाली बाईच म्हणतात. बाजारात कोणी हसून विचारपूस केली तर तिला ओळख पटत नाही. तो माणूस वळून चालायला लागला की पटते. एकदा छापखान्यातला एक जण आला होता, शाईनं हात फुटलेला. त्याच्या उजव्या खांद्याखाली तीन तीळ एका ओळीत होते. तिन्ही वेळा तो म्हणाला, "बाई, तुमचा हात हलका आहे." चौथ्यांदा तो काही कारण नसताना आला, धुतलेला सदरा घालून दारात उभा राहिला, आणि तिला त्याचं तोंड ओळखू येईना. "काय काम आहे?" तिनं विचारलं. तो ओशाळून गेला. पाठ वळल्यावर, सदऱ्यातूनसुद्धा, तिनं ओळखलं, पण तोवर तो जिना उतरत होता. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. विभागातल्या पोरी हसून हसून मेल्या असत्या. त्या पोरींना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवते. शंका आली तर शंका लिहा. लाली आहे की नाही असं वाटलं तर प्रश्नचिन्ह घाला, पण 'काही नाही' लिहू नका. 'काही नाही' लिहिण्याआधी दोनदा वाका, उजेडात बघा, बोट फिरवून बघा. पोरी पाठीमागं तिची नक्कल करतात. हे तिला माहीत आहे.

आईच्या कातडीचं दुखणं गेल्या थंडीत सुरू झालं. एक्याऐंशीव्या वर्षी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली, खालची प्रत्येक शीर मोजून घ्यावी. आई बसल्या बसल्या खाजवायची, झोपेत खाजवायची, नडग्यांवर नखांचे ओरखडे आणि ओरखड्यांवर सुकलेलं रक्त. थोरलीनं घरात इस्पितळाचा कायदा लागू केला. कढत पाणी बंद, कोमट चालू. साबण बिनवासाचा आणि तोही जरुरीपुरता. अंग टॉवेलानं घासायचं नाही, टिपायचं. आणि कातडी ओलसर आहे तोवर, दोन-तीन मिनिटांच्या आत, जाडसर मॉइश्चरायझर लावायचं, केसांच्या दिशेनं, चोळायचं नाही. राहता राहिला प्रश्न कुठलं लावायचं हा. शनिवारी सकाळी ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली आणि पाऊण तास खोक्यांच्या पाठी वाचत उभी राहिली. पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते ती बघतच नाही; तिथं सगळीच क्रीमं नाजूक, सौम्य आणि डॉक्टरांची लाडकी असतात. खरं काय ते मागं, मुंगीच्या अक्षरांत. एकात लोकरीची चरबी होती, परत ठेवलं. एकात फुलांचा अर्क होता, परत ठेवलं. फूल म्हटलं की लोकांना वाटतं बिचारं काय करणार. एकावर 'वास नाही' असं मोठ्या दिमाखात लिहिलं होतं, आणि मागं बघावं तर मूळचा वास मारायला दुसरा वास घातलेला. असली माणसंही असतात, तिच्या मनात आलं. दुकानदार काउंटरवर कोपरं टेकून बघत होता. "ताई, परीक्षा आहे का?" त्यानं विचारलं. "आहे," ती म्हणाली. शेवटी एक पांढरी ट्यूब उरली, वर चित्र नाही की फूल नाही, मागं मोजून नऊ पदार्थ, आणि त्या नवांपैकी एकाचंही नाव तिनं कोणाच्या लाल पाठीशेजारी कधी लिहिलेलं नव्हतं. तीस वर्षांची विद्या त्या एका ट्यूबमध्ये होती. ती घरी घेऊन येताना तिला हुरूप आला होता, हे सांगायला हवं.

आईच्या उशाशी मात्र दुसरीच वस्तू होती. निळ्या काचेची जड बरणी, सोनेरी झाकण, आत गुलाबी क्रीम. धाकटीनं दूरच्या शहरातून पाठवलेली. झाकण उघडलं की वास दाराबाहेर जायचा. आई ती लावायची कमी आणि हुंगायची जास्त, दिवसातून चार वेळा झाकण फिरवून नाकाशी धरायची आणि म्हणायची, "पोरीला माझी किती आठवण." थोरली ज्या घरात राहते, जिथं आईची गादी उलटते, आईची नखं कापते, तिथं ती आठवण कोणाला येणार? बरणीच्या तळाचा कागद थोरलीनं वाचला होता. त्यातले दोन पदार्थ असे होते की त्यांनी भाजलेली पाठ तिला आठवड्याला एक तरी दिसते. मागल्या आठवड्यात आईनं मनगटावर त्यातलं बोटभर क्रीम ओढलं होतं. तिसऱ्या दिवशी तिथं बांगडीएवढा लाल पट्टा उठला. थोरलीनं ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, आईची समजूत काढली, बरणी कपाटात ठेवली. संध्याकाळी ती परत उशाशी होती. "ते त्यानं नाही झालं," आई म्हणाली. "तुझ्या त्या कोमट पाण्यानं झालं."

शनिवारची दुपार, संध्याकाळ, मग रविवारची सकाळ. थोरली बाही खाली करीना. हातावरची ती जागा कोरडी, निवांत, काही म्हणजे काही नाही. आणि तरी ती पुन्हा पुन्हा तिथं बोट नेत होती. तिथं दुसरं काहीतरी आठवत होतं. ती बारा वर्षांची होती, धाकटी नऊ. एका मोठ्या दुकानाला दिनदर्शिकेसाठी लहान मुलीचं चित्र हवं होतं, कोणीतरी धाकटीचं नाव सुचवलं होतं, आणि दुपारी फोटोग्राफर घरी यायचा होता. आईनं आदल्या दिवशी नवं क्रीम आणलं, एवढीशी चपटी डबी. संध्याकाळी स्टूल, गुडघे, गार बोट. पहाटे थोरलीला खाजेनं जाग आली. हातावर नाण्याएवढा चट्टा उठला होता, लालबुंद, कडांना बारीक पुटकुळ्या. तिनं तो उजेडात नेऊन बघितला. तिला भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. तिला आठवतं ते असं की छातीत काहीतरी थंड आणि स्वच्छ झालं. स्वयंपाकघरात धाकटी खुर्चीवर पाय हलवत बसली होती, आणि आई तिची हनुवटी धरून म्हणत होती, "बघ कशी, आज उठल्यापासूनच गुलाबी दिसतेय पोर." मग ओट्याकडं वळून, पाठमोरीच, "काही झालं का गं थोरले?" थोरलीनं बाही मनगटापर्यंत ओढली, बटण लावलं आणि म्हणाली, "नाही. काही नाही." दुपारी फोटोग्राफर आला तेव्हा धाकटीचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी गळत होतं. तो माणूस दारातच चुकचुकला आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं उचलून परत गेला. आई दहा दिवस धाकटीच्या उशाशी बसली. ओल्या घड्या, गोष्टी, गाणी. डाव्या डोळ्याखाली तपकिरी डाग राहिला, तो अजून आहे. थोरलीच्या हातावरचा चट्टा बाहीच्या आत आपोआप बरा झाला, आणि त्यानंतर आईनं तिच्या हाताला कधी बोट लावलं नाही. आईला कळलं असावं असं थोरलीला वाटत राहिलं. कळलंय, पण ती बोलत नाही. बेचाळीस वर्षं आईच्या प्रत्येक गप्प बसण्यात तिनं तेच वाचलं. तिच्या आयुष्यातलं हे एकमेव दुष्ट काम होतं, आणि ते तिनं दातांखाली धरून ठेवलं होतं. पोरींना दोनदा वाकायला लावणारी बाई तिथून आली होती. लग्नाचं म्हणाल तर दोन-तीनदा गोष्टी निघाल्या आणि तिनं स्वतःच मोडल्या; जिनं सख्ख्या बहिणीचं तोंड जाळलं तिनं काय संसार करायचा, असा तिचा हिशेब. आता आईचं वय झालं होतं. मरायच्या आत तिला सांगायला हवं होतं. आईनं तो हात हातात घ्यावा, चट्टा नाहीसा झालेली जागा बघावी, आणि मग हवं तर थोबाडीत मारावी. एवढंच तिला हवं होतं, आणि "आधी तू लाव" म्हणून आईनं आपणहून ते दार उघडलं आहे असं तिला रविवारी सकाळी वाटत होतं.

रविवारी दुपारी धाकटीचा फोन आला. तो दर रविवारी येतो, आणि आई फोन उशीवर ठेवून आवाज मोठा करून बोलते, म्हणजे शेजाऱ्यांनाही ऐकू जावं. "ताईनं काहीतरी पांढरं आणलंय," आई सांगत होती. "भिंतीला लावायचा चुना बरा. वास नाही ना काही."

"माझं लाव की मग," धाकटी म्हणाली. "ताई आहे का तिथं? ताई, आईला वास आवडतो गं. या वयात तेवढं तरी सुख."

"त्यानं तिची कातडी लाल होते," थोरली म्हणाली. "मागल्या आठवड्यात झाली होती."

"तुला सगळीकडं लालच दिसतं." धाकटी हसली. ती चांगलं हसते, ऐकणाऱ्यालाही हसू येतं. "तुझी ती ट्यूब ना, तुझ्यासारखीच आहे. गुणाची, आणि बिनवासाची." आईला हे इतकं आवडलं की तिला ठसका लागला. थोरलीनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, हनुवटीवरचं पाणी पुसलं. धाकटीनं पुढच्या रविवारी बोलू म्हणून फोन ठेवला.

मग थोरली पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं डावा हात आईच्या मांडीवर ठेवला, उताणा. "बघ," ती म्हणाली.

"काय बघू?"

"काल लावलं होतं ते. चोवीस तास होऊन गेले. काही झालं नाही."

"बरं झालं." आई निळी बरणी शोधत होती.

"बघ ना आई."

"चष्मा नाही माझ्या डोळ्यांवर." चष्मा उशीपाशीच होता. थोरलीनं तो पुसला, आईच्या डोळ्यांवर चढवला, काड्या कानांमागं नीट बसवल्या. आईनं वर बघितलं, हाताकडं नाही, तोंडाकडं. "म्हातारी दिसायला लागलीस गं," ती म्हणाली. "कधी झालीस एवढी?"

याच्यापुढं थांबण्यात अर्थ नव्हता. थोरली बोलायला लागली. पट्टी काढताना काढावी तसं तिनं एका ओढीत सांगितलं. फोटोग्राफर यायचा होता तो दिवस. हातावर उठलेला चट्टा, एवढा, पुटकुळ्यांसकट. "तू विचारलंस, मी नाही म्हणाले. मी मुद्दाम लपवलं आई. तिला व्हावं म्हणून लपवलं." थोरलीनं डोळे मिटले आणि वाट बघितली. चांडाळणी म्हणेल, तोंड बघू नकोस म्हणेल, रडेल. जे काही येईल ते निदान तिच्यासाठी आलेलं असेल.

आई हसायला लागली. मोठ्यांदा नाही, खुदुखुदु, दुलईत खोकावं तसं. "अगं वेडे," ती म्हणाली, "तिला मी आदल्या रात्रीच लावलं होतं."

"कोणाला?"

"धाकटीला. तू झोपल्यावर. दुपारी तो माणूस यायचा, सकाळपर्यंत कोण थांबतंय? चांगलं दोन बोटं भरून लावलं. तेच नडलं."

"मग माझ्या हातावर का लावलंस?"

"तुझ्या हातावर काय," आई म्हणाली. आता तिला बोलायला मजा येत होती, जुनी आठवण निघाली की म्हाताऱ्या माणसांना येते तशी. "तिला काही आणलं की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. मला पण, मला पण. डबी केवढी, त्यात दोघींना कुठून पुरायचं? मग म्हटलं, हिला टिकलीभर लावावं आणि सांगावं की तपासायचंय. काय मोठेपणा वाटायचा तुला. हात वर धरून घरभर हिंडायचीस."

"दर वेळी असंच?"

"मग? तुझ्या हाताकडं कोण बघत बसणार?"

"सकाळी विचारायचीस तू. काही झालं का म्हणून."

"विचारायला काय जातं?" आई म्हणाली.

थोरलीचा हात अजून तिच्या मांडीवर उताणाच होता. तिनं तो उचलला नाही. तो आपला आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं. "धाकटीला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? तोंड तिचंच ना. मीच सांगितलं होतं, ताईला बोलू नकोस, तिला वाईट वाटेल. शहाणी पोर, कधी बोलली नाही."

"आणि नंतर तू बंद केलंस लावायचं."

"तूच मागायचं सोडलंस." आईनं चष्मा काढला आणि उशीवर ठेवला. "आता एवढ्या वर्षांनी काय घेऊन बसलीस."

"काल म्हणालीस, आधी तू लाव."

"मग काय म्हणू? नको म्हटलं की तू व्याख्यान देतेस. असं म्हटलं की एक दिवस तरी सुटका."

थोरलीला हलकं वाटायला हवं होतं. बेचाळीस वर्षांचा डाग एका वाक्यात धुऊन निघाला होता. तिनं कोणाचं काही जाळलं नव्हतं, तिच्या खोट्या शब्दानं माशीसुद्धा हलली नव्हती. पण हलकं वाटलं नाही. घरी यावं आणि दार उघडं, कपाट रिकामं दिसावं तसं वाटलं. स्टुलावरची आई, गार बोट, रोखून धरलेला श्वास, सगळं कोणीतरी उचलून नेलं होतं, आणि नेणारा माणूस समोर दुलईत बसून बरणीचं झाकण फिरवत होता. तिला धाकटीचे गाल आठवले. खुर्चीवर पाय हलवणारी धाकटी, आणि उठल्यापासूनच गुलाबी दिसणारं तिचं तोंड. तिनं ते हजार वेळा आठवलं होतं, आणि हजार वेळा ते नुसतंच गोड पोरीचं तोंड होतं. तीस वर्षं लाली वाचणाऱ्या बाईला ती लाली दिसली नव्हती. तिनं तिथं प्रश्नचिन्हसुद्धा घातलं नव्हतं. निदान दुष्टपणा तरी आपला आहे असं ती समजून होती. तोही टिकलीभरच निघाला, गप्प बसावं म्हणून दिलेला. तिला आईचा राग आला, आणि तो राग इतका ताजा होता की तिला त्याची लाज वाटली नाही.

"आता पुरे झाले तुझे प्रयोग," आई म्हणाली. "धाकटीचं लाव. चांगलं अंगभर लाव, खाजेनं जीव गेलाय माझा."

"लावते," थोरली म्हणाली.

तिनं सगळं नियमानं केलं. पातेल्यात कोमट पाणी आणलं, मनगट बुडवून बघितलं. आईचे हात, मान, पाय मऊ फडक्यानं ओले केले आणि न घासता टिपले. पांढरी ट्यूब पलंगाखाली सरकवली. मग निळी बरणी उघडली. वास खोलीभर झाला, आईनं डोळे मिटून तो आत ओढला आणि तिचं तोंड लहान मुलीसारखं सैल पडलं. थोरलीनं तीन बोटं भरून घेतली. मानेपासून सुरुवात केली, गळ्याच्या खळगीत, मग दोन्ही दंड, कोपरांच्या लवणी जिथं कातडी सगळ्यांत पातळ असते, मागल्या आठवड्यातल्या लाल पट्ट्याची जागा, पोट, मांड्या. केसांच्या दिशेनं, न चोळता, एवढीशी जागासुद्धा कोरडी न ठेवता. नडग्यांशी आल्यावर ती जरा थांबली. तिथं ओरखडे उघडे होते, दोन-तीन अगदी ताजे. तिनं बरणीत पुन्हा बोटं घातली.

"हात हलका आहे हो तुझा," आई म्हणाली. तिनं हे याआधी कधी म्हटलं नव्हतं. थोरलीच्या बोटांनी ते ऐकलं, आणि ती तशीच फिरत राहिली. मग आईचा पाय आखडला. "चुरचुरतंय गं."

"चुरचुरतंय म्हणजे गुण येतोय."

आईनं मान हलवली. हे तिला पटण्यासारखं होतं. थोरलीनं दुसरी नडगी पुरी केली, दोन्ही घोटे केले, बोटांच्या बेचक्या केल्या, दुलई गळ्यापर्यंत ओढून कडा खाली खोचल्या. बरणी निम्मी झाली होती. तिनं तिचं झाकण घट्ट लावलं आणि ती आईच्या उशाशी, हाताला लागेल अशी ठेवली. पहिल्या दिवशी फारसं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी लाली धरते. तिसऱ्या दिवशी कळतं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी नळ सोडला. बाही वर होतीच. तिनं साबण लावून हात कोपरापर्यंत धुतले, एकदा, मग पुन्हा एकदा. गुलाबी वास काही केल्या जाईना. मनगटाच्या वर, शिरेपाशी, कातडी स्वच्छ होती.

"काही होतंय का गं आई?" तिनं पाठमोरीच विचारलं.

आतून आई काहीतरी म्हणाली. थोरलीनं नळ आणखी मोठा केला आणि तिसऱ्यांदा साबण घेतला.